हुद्द्यानुसार रंगीत युनिफॉर्म: लाँड्रीतून परत आल्यावर काय उरतं

आमच्या हॉस्पिटलमध्ये हुद्द्यानुसार वेगवेगळ्या रंगांचे युनिफॉर्म सुरू झाले त्याला आता बरेच महिने झाले. मी मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर. सुरुवातीला सगळ्यांनी आपापली मतं दिली, ग्रुप फोटो झाले, प्रशासनाने फीडबॅकचे फॉर्मही भरून घेतले. पण तेव्हा कपडे कोरे होते. युनिफॉर्म लाँड्रीत पुरेसा भरडून निघाल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून आता लिहितेय.

आधी रंग सांगते. इनचार्जला नेव्ही ब्लू, स्टाफ नर्सला त्याहून फिका निळा, नर्सिंग असिस्टंटला फिकट हिरवा, एक्स-रे आणि लॅबच्या टेक्निशियनना वाईन म्हणजे गडद लाल, फिजिओला पांढरा, वॉर्डबॉय आणि मावशींना करडा, सफाई कर्मचाऱ्यांना तपकिरी. डॉक्टरांसाठी मोरपंखी स्क्रब ठरले. कन्सल्टंट मंडळींनी घालायचे की नाही ते त्यांच्यावर सोडलं, म्हणजे ते घालत नाहीत. ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, हिरवा वेगळा, तो ओटीबाहेर आणायचा नाही.

कागदावर उद्देश लिहिला होता, ‘रुग्ण व नातेवाइकांची सोय’. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त सोय आमची झाली आणि ती मी मनापासून मान्य करते. पेशंट अरेस्टमध्ये गेला, म्हणजे त्याचं हृदय बंद पडलं, की पलंगाभोवती घोळका होतो. त्यात आपल्या वॉर्डचे, आयसीयूतून धावत आलेले, शेजारच्या वॉर्डातून मदतीला आलेले, शिवाय नुसतं बघायला थांबलेले. पूर्वी कोणीतरी ओरडायचं, ‘अ‍ॅड्रेनालिन भरा’, आणि प्रत्येकाला वाटायचं दुसरा भरतोय. आता समोरचा चेहरा ओळखीचा नसला तरी निळ्या कपड्यातल्या एकीकडे बोट दाखवून ‘तुम्ही’ म्हणता येतं, आणि ते बोट असिस्टंटकडे जात नाही. रात्रपाळीला दुसऱ्या वॉर्डातून स्टाफ येतो तेव्हाही तेच. दारात उभं राहून एक नजर टाकली की किती नर्स आहेत आणि किती असिस्टंट, याचा हिशेब लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. जिन्याखाली जरा पाय मोकळे करायला बसलेला करडा शर्ट आता सुपरवायझरला लांबूनच दिसतो. मोरपंखी स्क्रब कुठेही बसला तरी त्याला कोणी विचारत नाही.

पेशंटचं म्हणाल तर त्यांनी दोनच रंग पाठ केले, निळा आणि करडा. लिफ्टशेजारी आठ माणसांची चित्रं असलेलं मोठं पोस्टर लावलंय. नातेवाईक त्याच्यासमोर उभे राहतात खरे, पण लिफ्टची वाट बघत. शेवटी आमच्या वॉर्डात प्रत्येक पलंगाच्या उशाशी हाताएवढं कार्ड अडकवलं, त्यावर तीनच रंग: दुखतंय, सलाईन संपली, औषध हवंय तर निळा, बेडपॅन, चादर, उठायला मदत हवी तर हिरवा, व्हीलचेअर, तपासणीला न्यायचं तर करडा. बाकीच्यांना पेशंटने हाक मारायची वेळ क्वचितच येते, मग त्यांचे रंग शिकवायचे कशाला? हे कार्ड लावल्यावर माझ्याकडे येणाऱ्या चुकीच्या हाका खरंच कमी झाल्या.

एक गोष्ट मात्र रंगाला जमली नाही. आमच्या वॉर्डात एका आजोबांना रेसिडेंट डॉक्टर असलेल्या मुलीने चांगला वेळ घेऊन तपासलं. छातीला स्टेथो लावला, पाय दाबून सूज बघितली, सुनेला सगळं समजावून सांगितलं. ती फाइल मिटून वळली तशी सून म्हणाली, “सिस्टर, डॉक्टर कधी येणार?” आणि शेजारच्या पलंगावर सलाईन लावणाऱ्या आमच्या ब्रदरला त्याच सुनेने पुढच्या क्षणी “डॉक्टरसाहेब” म्हणून हाक मारली. ती मोरपंखीत, तो निळ्यात, पोस्टर दहा पावलांवर. बाई म्हणजे सिस्टर आणि पुरुष म्हणजे डॉक्टर हा समज कापड रंगवून जात नाही. त्यावर थोडाफार उतारा मिळाला तो ओळखपत्राखाली अडकवलेल्या पिवळ्या पट्टीने. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत ‘डॉक्टर’, ‘नर्स’, ‘फिजिओ’ एवढंच लिहिलेलं असतं. नावाचं कार्ड बहुतेक वेळा उलटंच लटकत असतं, म्हणून पट्टीवर दोन्ही बाजूंनी छापून घेतलं.

पट्टीनेही सगळं भागत नाही, तोंड उघडावं लागतं. केट ग्रेंजर नावाच्या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट म्हणून दाखल होत्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कितीतरी कर्मचारी आपलं नावही न सांगता कामाला लागतात. त्यातून त्यांनी २०१३ मध्ये ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. आमच्याकडे रंग आल्यावर उलटंच झालं. नव्या मुली समजू लागल्या की युनिफॉर्म बोलतोय, आपण कशाला बोला. पाळी बदलताना हँडओव्हरच्या वेळी मला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

म्हाताऱ्या डोळ्यांचा विचार रंग ठरवणाऱ्यांनी केला होता की नाही, देव जाणे. मोतीबिंदूत भिंग पिवळसर-तपकिरी होत जातं आणि ते निळा प्रकाश अडवतं, त्यामुळे निळा आणि हिरवा जवळ जवळ येतात. आमच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त पेशंट साठीच्या पुढचे, आणि आम्ही त्यांच्यापुढे निळा, हिरवा आणि मोरपंखी ठेवले! रात्री दिवे मंद केले की उरलासुरला फरकही जातो, कारण कमी उजेडात डोळ्याला रंग नीट कळतच नाहीत. वाईन आणि तपकिरीची गडबड वेगळी. लाल-हिरव्यात फरक न कळणारे लोक वाटतात तितके दुर्मीळ नसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर हे प्रमाण साधारण १२ जणांत १ असं धरतात. अशा माणसाला गडद लाल आणि तपकिरी सारखेच दिसू शकतात. एका पेशंटचा मुलगा सफाईच्या काकांना रोज एक्स-रेचा रिपोर्ट मागायचा, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

लोक नेहमी विचारतात म्हणून ओटीच्या हिरव्याबद्दलही सांगते. त्याचा हुद्द्याशी काही संबंध नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये पांढऱ्याऐवजी पालकासारखा हिरवा वापरायला सुरुवात केली, कारण दिव्याखाली पांढऱ्या कापडाची तिरीप डोळ्यांवर येते आणि लाल रंगाकडे सतत बघून पांढऱ्याकडे नजर वळवली की हिरवट ठिपके तरंगतात. हिरव्या कापडावर ते ठिपके विरून जातात. वॉर्डात तसं कारण नाही, तिथे रंग म्हणजे निव्वळ आपसातला करार.

आणि तो करार मोडला लाँड्रीने. हॉस्पिटलचे कपडे घरच्यासारखे धुतले जात नाहीत. जंतू मारायचे तर पाणी चांगलं तापवावं लागतं. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांच्या लाँड्रीसाठी ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशाला किमान ३ मिनिटं असा दंडक आहे. आमच्याकडे उष्णता आहेच, वर हायपोचा, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचचा, सढळ हात. आमचं कापड पॉलिस्टर-कॉटनचं. त्यातल्या पॉलिस्टरचा रंग क्लोरीनला फारसा बधत नाही, कॉटनच्या धाग्यावरचा मात्र उडतो. त्यामुळे कपडा एकसारखा फिका न होता आधी भुरकट होतो, जणू त्याच्यावर पीठ सांडलंय. नेव्ही ब्लूवर हायपोचा शिंतोडा उडाला तर तिथे चक्क नारिंगी ठिपका उमटतो. माझ्या डाव्या खिशाखाली असे चार ठिपके आहेत.

परिणाम असा की पावसाळा संपेपर्यंत माझा नेव्ही ब्लू स्टाफ नर्सच्या निळ्याच्या उंबरठ्यावर आला, आणि स्टाफ नर्सचा निळा धुऊन धुऊन आकाशी झाला. नव्याने रुजू झालेली स्टाफ नर्स कोरा युनिफॉर्म घालून माझ्याशेजारी उभी राहिली की नातेवाईक तक्रार घेऊन तिच्याकडे जातात. मेट्रनमॅडम म्हणाल्या, “तुमचं डिमोशन लाँड्रीवाल्याने केलंय, माझी सही लागली नाही.” हसलो सगळे, पण एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटांवर हुद्दे बसवले तर हे होणारच. स्कॉटलंडच्या सरकारी रुग्णालयांतही नर्सिंगची उतरंड निळ्याच्याच छटांत आहे. तिथे ते नीट चालत असेल तर त्यांच्या रंगाऱ्याला आणि लाँड्रीला माझा नमस्कार.

गडद रंगाची आणखी एक अडचण आहे. नेव्ही ब्लूवर ओलं रक्त पटकन दिसत नाही, नुसता ओलसर काळपट डाग वाटतो. फिक्या निळ्यावर लगेच दिसतं आणि मुली कपडे बदलून येतात. बेटाडीनचं उलट, ते फिक्यावर असं बसतं की जात नाही. मला विचाराल तर कपडा खराब झालेला बरा, डाग लपलेला नको.

शिलाईबद्दल थोडक्यात. बाह्या कोपराच्या वरच ठेवल्या हे उत्तम केलं. इंग्लंडमध्ये २००७ मध्ये कोपराखाली बाही, घड्याळ, दागिने नकोत असा नियम जाहीर झाला तो हात मनगटापर्यंत नीट धुता यावेत म्हणून, आणि तेच खरं. खिसे मात्र कोणी पुरुषाने कागदावर आखलेत. खालचे दोन्ही खिसे उघड्या तोंडाचे, पलंगाच्या रेलिंगला अडकतात. कात्री, चिकटपट्टी, पेन, फोन ठेवून वाकलं की सगळं पेशंटच्या अंगावर. फिजिओंना पांढरी पँट देणाऱ्याने महिन्याच्या त्या चार दिवसांचा विचार केलेला नाही. आता त्या काळ्या रंगाची पँट घालतात आणि कोणी हरकत घेत नाही. गरोदर मुलींसाठी त्याच रंगात सैल माप पहिल्या ऑर्डरमध्ये नव्हतंच, त्यामुळे त्या साध्या कपड्यांत यायच्या आणि पेशंट त्यांना नातेवाईक समजायचे.

तपकिरी रंगावर सफाईच्या मावशी नाराज होत्या. माती लागो न लागो, दिसतो मातीचाच, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातल्या एकीने मला ऐकवलं, “आधी निदान पेशंट मला सिस्टर म्हणायचे.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही. तिनेच मग पुढे सांगितलं की आता गोळी कुठली घ्यायची हे कोणी तिला विचारत नाही, ती भीती गेली. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या तिने.

सगळ्यात कामाची ठरली ती मूळ योजनेत नसलेली वस्तू. औषधांच्या राउंडला घालायचा लाल एप्रन, पाठीवर ‘औषध देत आहे, थांबवू नका’. हुद्दा तोच, रंग फक्त तेवढ्या कामापुरता. डॉक्टरसुद्धा थांबतात. फोन आलाय म्हणून सांगायला येणारे दारातूनच परत फिरतात.

आता नव्या ऑर्डरची बोलणी चालू आहेत आणि मी माझी यादी देऊन ठेवली आहे. इनचार्जला निळ्याची छटा नको, दुसराच रंग द्या. वाईन किंवा तपकिरी यातला एक काढा. पुरवठादाराकडून नुसता नमुना घेऊ नका, क्लोरीनला टिकणाऱ्या ‘व्हॅट डाय’ प्रकारच्या रंगाचं कापड मागा आणि हायपोच्या चाचणीचा निकाल बघा. रंगाचा पक्केपणा १ ते ५ च्या पट्टीवर मोजतात, चारच्या खालचं घेऊच नका. आणि प्रत्येक रंगाचा एक कोरा तुकडा लिनन स्टोअरच्या बंद कपाटात ठेवा, दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे युनिफॉर्म त्याच्याशी ताडून बघा, फरक लांबून दिसला की कपडा बाद. स्टोअरकीपर म्हणतात, असं केलं तर निम्मे आजच बाद होतील. होऊ देत.