मॅग्नेशियमची झीज: पीईओचा थर की एफएसपीचा पृष्ठभाग?

एझेड९१ या मॅग्नेशियम मिश्रधातूचा पार्ट घासून झिजतोय, पृष्ठभागात सिरॅमिक आणायचंय. स्प्रे कोटिंग बाजूला ठेवलं, तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या जॉबशॉपपुढे (ऑर्डरप्रमाणे सुटे पार्ट करून देणाऱ्या वर्कशॉपपुढे) दोन वाटा उरतात: पीईओ (प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशन: पार्ट द्रावणात बुडवून विजेच्या ठिणग्यांनी त्यावर सिरॅमिकचा थर तयार करणं) करून घेणं, नाहीतर फ्रिक्शन स्टिर प्रोसेसिंगने (एफएसपी: फिरतं टूल दाबून, घर्षणाने मऊ झालेला धातू ढवळणं) सिलिकॉन कार्बाइड या कडक सिरॅमिकची पावडर धातूतच कालवणं.

पीईओ भोकं, बरगड्या, वाकडेतिकडे आकार सगळीकडे बसतो. नीट सील केला तर गंजही अडवतो. नाशिकच्या पावसाळ्यात पडून राहणाऱ्या जॉबसाठी ही मोठीच जमेची बाजू.

खटकतं ते घासताना. २०-३० मायक्रॉनच्या थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो. आधी तोच तुटतो आणि त्याचे कण मधेच अडकून एमरीचं, म्हणजे घासणाऱ्या पावडरचं, काम करतात. थर शाबूत दिसतो, पण त्यावर घासणारं समोरचं बुश (बेअरिंगची नळी) खराब झालेलं असतं. पॉलिश करून तो भाग काढावा, तर खाली उरतं फार थोडं. एकाच ठिकाणी भार आला की खालचा मऊ धातू दबतो आणि थर तडकतो.

एफएसपीत मेहनत जास्त. १ मिमी रुंद, २ मिमी खोल खाच पाडून पावडर ठासून भरायची. आधी बिनपिनच्या (टोकाला धातूत घुसणारी दांडी नसलेल्या) टूलने खाचेचं तोंड बंद करायचं, नाहीतर पावडर उडून जाते. मग एच१३ टूल स्टीलचं टूल: शोल्डर (पृष्ठभागावर टेकणारा रुंद भाग) १८ मिमी, पिन ३ मिमी लांब, टूलचा तिरकेपणा अडीच अंश. सुरुवातीला १००० आरपीएम आणि मिनिटाला ४० मिमी फीड धरा. एका पासात पावडरचे गठ्ठे राहतात, आणि निखळलेला गठ्ठाही एमरीच. म्हणून निदान तीन पास, दर वेळी दिशा उलटी. फीड वाढवला किंवा शोल्डर नीट टेकला नाही, तर अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला (जिथे टूलचं फिरणं आणि सरकणं एकाच दिशेला असतं) आत बोगदा राहतो, वरून दिसतही नाही. पहिला जॉब आडवा कापून, पॉलिश करून बघाच.

गंजाला मात्र एफएसपीचा भरवसा धरू नका. तेल किंवा पेंट लागेलच. खाच पाडताना निघालेला बारीक चुरा पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.

गुंतागुंतीचं, हलक्या भाराचं कव्हर असेल तर पीईओ पुरेल. सपाट सरकपट्टी असेल तर माझा कल एफएसपीकडे: वरून ०.३ मिमी मिलिंग करून माप साधलं, तरी खाली दीड मिमीच्या आसपास कडक थर शिल्लक असतो.