ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड: वाटमाऱ्याच्या अंगावरचं काचेचं चिलखत

बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा, २००८ मध्ये, मोठ्या भावाच्या पीसीवर मी ऑब्लिव्हियन पहिल्यांदा खेळले. मूळ गेम २००६ चा, एल्डर स्क्रोल्स मालिकेतला, काल्पनिक जगात मोकळं फिरायचा रोल-प्लेइंग गेम. मी अल्केमिस्ट व्हायचं ठरवलं. दिवसभर कॉलेजच्या लॅबमध्ये खलबत्ता आणि रात्री गेममध्येही खलबत्ता, याचं तेव्हा फार अप्रूप वाटायचं. सफरचंद आणि गाजर एकत्र कुटलं की थकवा घालवणारं औषध होतं, बटाटाही चालतो. मग शेतात दिसेल ते उपटायचं, कुटायचं आणि गावात नेऊन विकायचं. औषध केलं की अल्केमी वाढते, विकलं की मर्कंटाइल, नुसतं धावलं तरी अ‍ॅथलेटिक्स आणि उड्या मारल्या की अ‍ॅक्रोबॅटिक्स. ही सगळी मी मेजर स्किल्स, म्हणजे ज्यांच्या वाढीवर लेव्हल ठरते ती कौशल्यं, म्हणून निवडलेली. सात मेजर स्किल्समध्ये मिळून १० वाढी झाल्या की पलंगावर झोपायचं, उठल्यावर लेव्हल वाढलेली असते. महिनाभरात मी सतराव्या लेव्हलला पोचले. तलवार मात्र धड धरता येत नव्हती.

त्याच सुमारास रस्त्यात एक वाटमाऱ्या आडवा आला. खजीत, म्हणजे मांजराच्या तोंडाचा. १०० नाणी टाक, नाहीतर मर, असं म्हणाला. त्याच्या अंगावर हिरवट चमकणारं ग्लासचं चिलखत होतं. ते अख्खं विकलं तर हजारो नाणी येतात. तो १०० मागत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले, कारण पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला हीच माणसं फर आणि चामडं घालून फिरताना मी पाहिली होती. मी औषधं कुटत होते तेवढ्यात रस्त्यावरच्या प्रत्येक चोराला कुणीतरी नवीन कपडे शिवून दिले होते.

रोल-प्लेइंग गेममधलं लेव्हल स्केलिंग म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. गेम शत्रूची ताकद तुमच्या लेव्हलवरून ठरवतो, तुमच्या लढण्याच्या कुवतीवरून नाही. आकडा १७ असला की समोर १७ च्या मापाचं काहीतरी येणार. तुमचे १७ गाजरं कुटून झालेत की तलवार चालवून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. क्वाच गावाच्या दरवाज्याबाहेरचं ऑब्लिव्हियन गेट, म्हणजे राक्षसांच्या जगात जायचं दार, मी तोवर टाळलं होतं. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला गेलं तर आत स्कॅम्प नावाचे किरकोळ राक्षस भेटतात. मला मगरीच्या तोंडाचे डेड्रोथ भेटले. एक मारायला माझी निम्मी औषधं संपायची. ते कॅरेक्टर मी तिथेच सोडलं.

दुसऱ्या वेळी मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानांवर रेघा मारत खेळले. जुन्या गेममध्ये लेव्हल वाढताना तीन अ‍ॅट्रिब्यूट्स, म्हणजे ताकद, चपळाई असे मूळ गुण, वाढवता येतात, पण किती वाढतील ते त्या लेव्हलमध्ये त्यांच्याखालची स्किल्स किती वेळा वाढली यावर ठरतं. १० वेळा वाढली तर पूर्ण ५, त्याहून कमी तर कमी. त्यातही एन्ड्युरन्स (तग धरायचा गुण) आधी वाढवावा लागतो, कारण दर लेव्हलला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी हेल्थ मिळते आणि मागच्या लेव्हलची भरपाई होत नाही. म्हणून त्याच्याखालची स्किल्स वाढवायला मी ढाल धरून उगाच खेकड्याचा मार खात उभी राहायचे. ब्लॉक वाढला, रेघ मारा. आर्मरर वाढलं, रेघ मारा. लेव्हल वाढू नये म्हणून आठवडाभर पलंगाकडे जायचं नाही. ज्या गेममध्ये डोंगरावरून खालचं तळं नुसतं बघत बसावं, तिथे मी हजेरीपट भरत होते. तरीही तो गेम मला आवडायचा, म्हणून या सगळ्याचं दुःख जास्त होतं.

२२ एप्रिल २०२५ ला रीमास्टर्ड, म्हणजे त्याच गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती, आली. आता माझं स्वतःचं मेडिकल आहे, दुकान साडेनऊला बंद होतं आणि त्यानंतरचा दीड तास माझा असतो. गेम जवळपास १२५ जीबीचा आहे, एसएसडीवर जागा आधीच करून ठेवा. चित्रं सुरेख झालीत, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मी वाढीबद्दलच लिहिणार.

त्यातली निम्मी दुरुस्ती मनापासून केलेली आहे. आता दर लेव्हलला १२ व्हर्च्यू पॉइंट्स मिळतात, ते तीन अ‍ॅट्रिब्यूट्सपर्यंत हवे तसे वाटायचे, एकात जास्तीत जास्त ५. लक, म्हणजे नशीब, वाढवायचं तर एका अंकाला चार पॉइंट्स पडतात. कुठलं स्किल किती वेळा वाढलं याचा हिशोब संपला. वही लागत नाही. पहिल्यांदा ते १२ पॉइंट्स वाटताना मी खरंच खूश झाले, सतरा वर्षांचं एक ओझं उतरल्यासारखं वाटलं.

उरलेला निम्मा भाग म्हणजे जग. ते अजूनही तुमच्या मापानेच वाढतं. उंच लेव्हलच्या डाकूंकडे अजूनही महागडी चिलखतं दिसतात. शिवाय आता मायनर, म्हणजे मेजर सोडून उरलेली, स्किल्सही लेव्हलमध्ये धरली जातात. पूर्वी अल्केमी मायनरमध्ये टाकून तुम्ही निवांत औषधं कुटू शकत होता. आता कशानेही लेव्हल सरकते, आणि लेव्हल सरकली की गुहेतले गॉब्लिन्सही सरकतात. डिफिकल्टीच्या, म्हणजे गेम किती अवघड ठेवायचा त्या पायऱ्यांचंही तसंच. अ‍ॅडेप्टवर हातात काठी असली तरी जिंकाल आणि पुढच्या एक्स्पर्टवर एकेक लांडगा मिनिटभर पुरतो, असं सुरुवातीला होतं. नंतरच्या अपडेटमध्ये जर्नीमन ही मधली पायरी आली. मी त्यावरच खेळते, तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

स्केलिंग का ठेवतात तेही मला समजतं. पहिल्या तासापासून वाटेल त्या दिशेला जायची मोकळीक द्यायची, तर कुठेही गेलं तरी खेळणारा तगला पाहिजे. पण माझ्या मनात गॉथिक २ या दुसऱ्या एका गेममधलं खोरिनिस गाव पक्कं बसलंय. तिथल्या जंगलात एका झाडाखाली दिवसा झोपलेला शॅडोबीस्ट नावाचा एक प्राणी असतो, कपाळावर एक शिंग असलेला. सुरुवातीला तो एका फटक्यात मारतो. मी कितीतरी दिवस ते झाड दुरून बघून वाट बदलायचे. खूप नंतर चांगली तलवार आणि चिलखत घेऊन त्याच झाडाखाली गेले आणि त्याला मारलं. तो होता तसाच होता, बदलले होते ते मी. ऑब्लिव्हियनमध्ये असं झाड मला मिळत नाही. याच मालिकेतल्या २०११ च्या स्कायरिमने मधला मार्ग काढला, काही जागांना किमान लेव्हल ठरवून दिली, त्यामुळे काही गुहा लवकर गेलात तर खरोखर अंगावर येतात. रीमास्टर करताना तेवढं तरी इथे आणायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

तरी घ्या, मी घ्याच म्हणेन. पहिल्यांदाच खेळत असाल तर एक तरी हत्यार आणि एक चिलखत पहिल्या लेव्हलपासून नेटाने वापरा, आणि क्वाच लवकर उरकून टाका. माझी आताची ऑर्क बाई गदा आणि जड चिलखतवाली आहे. क्वाच तिसऱ्या लेव्हललाच केलं, छान जमलं.

एक काम मात्र मी ठेवून दिलंय. कोरोल गावात वालस ओडील नावाचा म्हातारा आहे. त्याची दोन मुलं शेतावर चालून आलेल्या गॉब्लिन्सशी लढायला गेलीत, त्यांना मदत कर म्हणून तो विनवतो. त्याबद्दल चिलरेंड नावाची बर्फाची तलवार मिळते, पण ज्या लेव्हलला हातात येते त्याच लेव्हलची ती कायम राहते. मी आत्ता अकराव्या लेव्हलला आहे. म्हणून तो म्हातारा मुलांच्या काळजीत बसून आहे आणि मी अजून कोरोलच्या वाटेला गेलेले नाही.