सोर्ड, आर्सियस की स्कार्लेट? स्विचवरचा पहिला पोकेमॉन निवडताना

सुट्ट्या जवळ आल्या की नात्यातलं कोणीतरी हमखास फोन करतं. "स्विच घेतलाय, पोरांना पोकेमॉन हवाय, पण हे इतके वेगवेगळे कशाला? त्यातला कोणता आणू?" (स्विच म्हणजे निंटेंडोचं गेम खेळायचं यंत्र.) प्रश्न रास्त आहे. डब्यावर एक नाव आणि एक मोठं जनावर असतं, आतला खेळ कसा आहे त्याचा त्यावरून काही पत्ता लागत नाही. मी हे तिन्ही गेम शेवटापर्यंत खेळले आहे, त्यातले दोन तर भाच्याला शेजारी बसवून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जरा सविस्तर सांगते.

निवड मुख्यतः तिघांत आहे: 'सोर्ड' आणि त्याचा जोडीदार 'शील्ड' (नोव्हेंबर २०१९), 'लेजेंड्स: आर्सियस' (जानेवारी २०२२) आणि 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' (नोव्हेंबर २०२२). जोडीतला एकच घ्यायचा. गोष्ट जवळपास तीच असते. काही पोकेमॉन एकात सापडतात, काही दुसऱ्यात, म्हणजे सगळे गोळा करायचे तर कोणाशी तरी अदलाबदल करावीच लागते. १९९६ मध्ये जपानात गेम बॉयवर 'रेड' आणि 'ग्रीन' आले तेव्हापासूनची ही रीत आहे.

हा खेळ ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या सातोशी ताजिरींना लहानपणी किडे पकडायचा नाद होता. टोकियोजवळच्या माचिदात ते वाढले. तिथली शेतं आणि डबकी बुजून इमारती उभ्या राहिल्या. गवतात हात घालून काहीतरी जिवंत हाती लागण्याचा तो आनंद शहरातल्या मुलांनाही मिळावा, ही पोकेमॉनमागची मूळ इच्छा. त्यामुळे पोकेमॉनचा कुठलाही गेम जोखताना मी पहिलं हेच बघते, की पकडताना छातीत धडधड होते का. गोष्ट, लढाया, चित्रं हे सगळं त्यानंतर.

पकडण्याची मजा

इथे 'आर्सियस' बाकी दोघांच्या कितीतरी पुढे आहे.

पहिल्याच मैदानात तुम्हाला तीन पोकेमॉन पकडायला पाठवतात. बिडूफ भोळा, तुम्ही जवळ गेलात तरी बघत उभा राहतो. स्टारलीला चाहूल लागली की ती भुर्रकन उडून जाते. शिंक्स मात्र तुम्हाला बघताच अंगावर येतो. एवढ्या तीन जनावरांत अख्खा खेळ शिकवून होतो. मग तुम्ही उंच गवतात वाकून बसता, नेम धरता, ते पाठमोरं होईपर्यंत थांबता आणि बॉल फेकता. पाठीवर लागला तर पकडला जाण्याची शक्यता जास्त. लढाई करायलाच हवी असं काही नाही. माझा भाचा पहिल्यांदा गवतात लपला तेव्हा खरोखर श्वास रोखून बसला होता, सोफ्यावर पाय वर घेऊन.

आणि चूक झाली तर मार तुम्हालाच बसतो. त्याच पहिल्या मैदानात एक अल्फा रॅपिडॅश आहे: नेहमीपेक्षा मोठा, लाल डोळ्यांचा, तुमच्या लेव्हलच्या कितीतरी वरचा. तो मागे लागला की हातातलं सगळं सोडून पळावं लागतं. बेशुद्ध पडलात तर पिशवीतल्या काही वस्तू तिथेच राहतात. बॉलसुद्धा स्वतः बनवायचे, ॲप्रिकॉर्न नावाची फळं आणि टंबलस्टोनचे खडे वेचून. पोकेडेक्स, म्हणजे पोकेमॉनची नोंदवही, तीही नुसती पकडून भरत नाही. एकेका जातीचे किती पकडले, कोणती चाल किती वेळा पाहिली, किती इव्हॉल्व्ह झाले (वाढून पुढच्या रूपात गेले) अशी नोंद वाढत जाते. २४२ जाती आहेत. मला हे काम कधीच कंटाळवाणं वाटलं नाही, कारण प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा गवतात शिरायचं असतं.

'सोर्ड'मध्ये पकडणं जुन्या वळणाचं आहे. गवतात गाठ पडली की पडदा बदलतो, आळीपाळीने लढून त्याला दमवायचं, मग बॉल टाकायचा. बॉल तीनदा हलेपर्यंतची धाकधूक आजही गोड वाटते, पण ती बटण दाबून वाट बघण्याची धाकधूक आहे. त्यातल्या वाइल्ड एरिया नावाच्या मोकळ्या रानात हवामानाप्रमाणे पोकेमॉन बदलतात. सुरुवातीलाच तिथे एक ओनिक्स फिरताना दिसतो, आणि पुरेसे बॅज (जिम नावाच्या लढतीच्या ठिकाणी तिथल्या लीडरला हरवून मिळणारी पदकं) नसतील तर तुमच्या हातून बॉल फेकलाही जात नाही. मला ती अडवणूक आवडली नाही. हिंमत केली तर हरू द्यावं, हात कशाला बांधायचे?

'स्कार्लेट'मध्ये पकडायची पद्धत 'सोर्ड'सारखीच, पण भोवतालचं जग पूर्ण उघडं. डोंगरावर चढा, नदीत उतरा, कुठेही जा. पोकेमॉन कळपाने हिंडतात, झोपतात. एक त्रास आहे: काही इतके चिमुकले असतात की पायाखाली येतात आणि नको असताना लढाई सुरू होते.

लढाया

लढाई हेच ज्याचं आकर्षण आहे त्याने 'आर्सियस' घेऊ नये. त्यात पोकेमॉनच्या ॲबिलिटी (अंगचे खास गुण) नाहीत, अंगावर वस्तू देता येत नाहीत आणि दुसऱ्या खेळाडूशी लढता येत नाही. एखादी चाल झटपट करायची की जोर लावून, एवढा एक नवा पर्याय आहे आणि तो छान आहे, पण डावपेच त्यापुढे फारसे जात नाहीत.

'सोर्ड'चं गॅलार ब्रिटनवरून बेतलेलं आहे आणि तिथली जिमची लढत फुटबॉलच्या सामन्यासारखी होते. भरलेलं स्टेडियम, मधोमध तुम्ही. डायनामॅक्स केलं की तुमचा पोकेमॉन तीन डावांपुरता इमारतीएवढा होतो, आणि जिम लीडरचा शेवटचा पोकेमॉन उतरला की प्रेक्षकांचा घोष संगीतात मिसळतो. पियर्स नावाच्या लीडरच्या पडक्या गावात डायनामॅक्स होतच नाही. ती साधी, हातघाईची लढत मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिली. एकूणात मात्र 'सोर्ड' सोपा आहे. लढाईतला अनुभव पूर्ण टोळीला वाटला जातो, ते बंद करता येत नाही, आणि त्यामुळे लेव्हल आपोआप चढत राहते.

'स्कार्लेट'मध्ये टेरास्टल आहे. पोकेमॉन स्फटिकासारखा चमकतो आणि त्याचा टाइप (आग, पाणी असा प्रकार) बदलू शकतो. १८ टाइपांचं गणित ज्यांना पाठ आहे त्यांना हा डाव फार रंगतदार वाटेल.

गोष्ट

'सोर्ड'ची गोष्ट मला तिघांत सगळ्यांत कमजोर वाटते. जगावर संकट येतं, स्फोट होतात, आणि दर वेळी मोठी माणसं म्हणतात, तू आपली स्पर्धा खेळ, आम्ही बघतो. चॅम्पियन लिऑन सगळं परस्पर निस्तरून येतो. शेवटी जे कारण पुढे येतं ते असं, की हजार वर्षांनी ऊर्जा संपणार म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या चेअरमन रोझला एक दिवसही थांबवत नाही. हॉप हा शेजारचा मित्र तेवढा मनात घर करतो. थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला मुलगा हळूहळू स्वतःची वाट शोधतो, हे धाकट्या भावंडांना नक्की भिडेल.

'आर्सियस' जुन्या काळातला आहे. पुढे ज्याला सिनो म्हणतात तो प्रदेश इथे हिसुई आहे, जपानच्या होक्काइदो बेटावरून बेतलेला. माणसं अजून पोकेमॉनला घाबरतात. लाकडी कुंपणाआड एक नवी वस्ती, आणि आकाशातून पडलेले तुम्ही. तुम्ही कामाचे आहात म्हणून ठेवून घेतात, विश्वास असा कोणाचाच नसतो. पुढे आकाश लालभडक होतं आणि ज्या गावासाठी तुम्ही राबलात तेच गाव तुम्हाला वेशीबाहेर काढतं. तो प्रसंग चालू असताना भाच्याने मला विचारलं, "मावशी, पण मी काय केलं?" यापुढचं काही फोडत नाही; शेवटच्या लढतीत मात्र सगळे पोकेमॉन धडधाकट ठेवा. सुरुवात संथ आहे, पहिला तासभर बोलण्यातच जातो, तेवढा धीर धरावा.

आणि 'स्कार्लेट'. तिचं पाल्देआ स्पेन-पोर्तुगालच्या इबेरियन द्वीपकल्पावरून घेतलेलं आहे, आणि तुम्ही तिथल्या शाळेत दाखल झालेले विद्यार्थी. तीन वाटा एकाच वेळी खुल्या असतात: आठ जिम, टायटन नावाचे पाच अवाढव्य पोकेमॉन, आणि टीम स्टारचे पाच अड्डे. टीम स्टार ही शाळेत छळ सोसलेल्या मुलांची टोळी आहे हे कळतं तेव्हा त्यांना हरवताना हात जड होतो.

पण खरी गोष्ट शाळेतल्या आर्वेनची. तो तुम्हाला टायटनच्या गुहांतून वनस्पती शोधायला नेतो, तिथेच सँडविच बनवतो, आणि आधी वाटतं की या पोराला स्वयंपाकाचं वेड आहे. मग तो त्याचा कुत्रा दाखवतो. माबोस्टिफ जायबंदी होऊन पडलेला आहे आणि कशानेही बरा होत नाही. ती वनस्पती त्याच्यासाठी. प्रत्येक सँडविचनंतर त्याच्यात थोडासा फरक पडतो, आणि दर वेळी आर्वेन त्याच्याशी बोलत गुडघ्यावर बसतो. ज्याच्या घरी म्हातारं झालेलं कुत्रं आहे, त्याने हा भाग एकट्याने खेळू नये. तिन्ही वाटा संपल्या की तुम्ही, आर्वेन आणि आणखी दोन मित्र असे चौघे मिळून प्रदेशाच्या मधल्या विवरात उतरतात, आणि तो शेवट या मालिकेने सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत चांगला वाटतो.

एक सावधगिरी बाळगा. वाटा खुल्या असल्या तरी जिमची लेव्हल ठरलेली आहे, तुमच्याप्रमाणे ती बदलत नाही. बर्फाच्या डोंगरावरच्या ग्रुशा या जिम लीडरकडे सुरुवातीलाच गेलात तर सपाटून मार खाल. नकाशात गाव निवडताना आधी दक्षिणेकडची जिम करा.

खोट कुठे आहे

'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' पहिल्या तीन दिवसांत १ कोटीहून जास्त खपले, आणि तितक्याच वेगाने तक्रारीही आल्या. चित्र अडखळतं, लांबची माणसं खडखडत चालतात, कधी भिंतीतून आरपार दिसतं. निंटेंडोने पुढच्या अपडेटच्या वेळी दिलगिरी व्यक्त केली, पण जुन्या स्विचवर गेम आजही जड चालतो. २०२५ मध्ये स्विच २ आल्यावर मोफत अपडेट मिळालं आणि त्यावर तो पुष्कळच सुरळीत पळतो. ज्याच्याकडे जुना स्विच आहे आणि चित्र अडखळलं की ज्याचं डोकं दुखतं, त्याने हे धरूनच निर्णय घ्यावा. 'आर्सियस'ची दृश्यंही लांबून ओसाड दिसतात, पण खेळताना हात अडत नाही. 'सोर्ड' तिघांत सर्वांत नीटनेटका.

घरी दोन मुलं असतील तर

'स्कार्लेट'मध्ये चौघे जण एकाच जगात हिंडू शकतात, पण प्रत्येकाकडे स्वतःचा स्विच आणि स्वतःचा गेम लागतो. इंटरनेटवरून खेळायचं तर निंटेंडोची वर्गणी भरावी लागते. एकाच खोलीत बसून खेळायला ती लागत नाही. 'सोर्ड'मध्येही चौघांनी मिळून एका अजस्र पोकेमॉनशी लढता येतं, त्यांना रेड लढाया म्हणतात. 'आर्सियस' एकट्याचा खेळ आहे, अदलाबदलीपुरताच दुसऱ्याशी संबंध. एकाच स्विचवर भाऊ-बहीण असतील तर प्रत्येकाचं वेगळं युजर खातं उघडा, कारण एका खात्यावर एकच सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) राहतो आणि दुसऱ्याने 'नवा खेळ' सुरू करायच्या नादात पहिल्याची मेहनत पुसली की घरात रडारड ठरलेली.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मी या तिघांतला एकही घेणार नाही. त्याला 'लेट्स गो, पिकाचू' (२०१८) आणा. मूळ १५१ पोकेमॉन, रानात लढाई जवळजवळ नाही, हाताने झटका देऊन बॉल फेकायचा, आणि दुसरा जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) हलवला की आई किंवा बाबा त्याच पडद्यावर मदतीला येतात.

भाषेचाही विचार करा. टीव्हीवरचा पोकेमॉन आपल्याकडे हिंदीत बोलत आला, गेममध्ये मात्र पात्रांना आवाजच नाही. सगळं वाचायचं असतं, नऊ भाषांतून निवड मिळते, आणि त्यांत मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी भरभर वाचता न येणाऱ्या मुलाला 'आर्सियस'च्या सुरुवातीचे संवाद अवघड जातील. आम्ही संध्याकाळी अर्धा तास ठरवला होता: तो खेळायचा, मी मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची. आर्वेनच्या संवादांना माझा आवाज कापरा व्हायचा.

खर्चाचं म्हणाल तर निंटेंडोचे गेम जुने झाले तरी फारसे उतरत नाहीत आणि इथे ते बहुतेक बाहेरून आयात होऊन येतात. वापरलेलं कार्ट्रिज बिनधास्त घ्या; सेव्ह स्विचमध्ये राहतो, कार्ट्रिजमध्ये नाही, त्यामुळे तुम्हाला खेळ पहिल्यापासूनच मिळतो.

मोठ्या माणसाने स्वतःसाठी घ्यायचा असेल तर माझं उत्तर 'आर्सियस'. दहाच्या पुढचं मूल, शाळेतले मित्रही खेळतात, अडखळणारं चित्र चालतं, तर 'स्कार्लेट' किंवा 'व्हायोलेट'. 'सोर्ड' स्वस्तात हाती लागला किंवा मुलाला स्टेडियमचं वेड असलं तरच.

भाच्याने मागच्या वाढदिवसाला 'व्हायोलेट' मागून घेतला, कारण त्यातला मिरायडॉन हा पोकेमॉन मोटरसायकलसारखा दिसतो. माझ्याकडे 'स्कार्लेट' आहे. माझ्याकडे न मिळणारे पोकेमॉन त्याने एका वहीत लिहून ठेवलेत, आणि प्रत्येकापुढे मी त्याला काय द्यायचं तेही.