ग्रेट सर्कल मॅपर : अंतर बघायला एक नंबर, पण त्यावरून तास काढू नका

मुलं सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आणि आईबाबा इकडे, अशी घरं आता कमी नाहीत, आणि तिकीट काढायच्या आधी प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो की कुठून गेलं तर कमी लांब पडेल. त्यासाठी ही फुकटची वेबसाइट बेस्ट आहे. दोन एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड टाकायचे, मधे डॅश, बस्स. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को टाकलं की साधारण १३,५०० किलोमीटर येतात आणि रेष सरळ पॅसिफिकवरून न जाता उत्तरेला सैबेरियावरून आर्क्टिकमधे चढून अलास्काच्या बाजूने खाली उतरते, भिंतीवरच्या सपाट नकाशाची सवय असलेल्याला हे पहिल्यांदा पटतच नाही पण गोल पृथ्वीवर जवळचा रस्ता तोच.

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मधला थांबा टाकून बेरीज बघता येते. दुबईमार्गे जवळपास १५,००० होतात, लंडनमार्गे १५,८०० च्या आसपास आणि सिंगापूरमार्गे थेट १७,५००! म्हणजे दुबईचा वळसा दीड हजार किलोमीटरचाच आहे, विमानाला तो पावणेदोन तासांचा पण नाही, खरा वेळ जातो तो लेओव्हरमधे, म्हणजे मधल्या एअरपोर्टवर पुढच्या विमानाची वाट बघण्यात. तिकीट निवडताना हे डोक्यात असलं की खूप फरक पडतो.

आता तासांचं. स्पीड टाकलं तर साइट वेळ पण दाखवते, पण तो नुसता भागाकार आहे, त्यात वारा नाही आणि बंद एअरस्पेस पण नाही. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को बघा, २०१६ च्या ऑक्टोबरमधे त्यांनी जाताना अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली, अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जोरदार वारा पाठीशी मिळाला. उलट २०१९ मधे आणि परत २०२५ मधे पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला, आणि नकाशावरचं अंतर मात्र तेवढंच होतं. त्यामुळे तास एअरलाइनच्या टाइमटेबलवरूनच बघा, आणि तिथे दोन्ही वेळा लोकल असतात हे आईबाबांना नीट सांगा, सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा.

दिसायला साइट जुनाट आहे, मोबाईलवर झूम करावं लागतं, चालतंय. अंतर मैलात आलं तर किलोमीटर निवडा. आणि गोव्याहून बघणाऱ्यांनी कोड नीट टाका, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स.