मिचेल की मॅक्लेंडन?

अमेरिकेत नैसर्गिक वायूतून संपत्ती कशी उभी राहिली हे समजून घ्यायला आधी कोणाला अभ्यासावं, असा प्रश्न एकाने विचारला.

वेळ: वायू उद्योजक जॉर्ज मिचेल १९८१ पासून टेक्सासच्या बार्नेट शेलमागे, म्हणजे वायू अडकलेल्या खडकाच्या थरामागे लागले. महागड्या दाट द्रवाऐवजी (जेल) मुख्यतः पाणी वापरून खडक फोडून वायू काढायचं तंत्र जमेपर्यंत नव्वदचं दशक सरत आलं. चिकाटी म्हणतात ती ही! चेसापीक एनर्जी या वायू कंपनीचे सहसंस्थापक ऑब्री मॅक्लेंडन मात्र कर्ज काढून वायूसाठी झपाट्याने जमिनींचे भाडेपट्टे घेत सुटले.

जोखीम: मिचेलची कंपनी २००२ मध्ये सुमारे ३५० कोटी डॉलरना विकली गेली. मॅक्लेंडनना २००८ मध्ये शेअरचा भाव कोसळताच कर्जापायी आपल्या कंपनीतले स्वतःचे जवळजवळ सगळे शेअर्स विकावे लागले.

तंत्रातून पैसा कसा होतो ते पाहायचं असेल, तर मिचेल. कर्जाची ताकद आणि धोका समजून घ्यायचा असेल, तर मॅक्लेंडन.