दुधाची पिशवी, पार्सलचे डबे: हातासरशी विसळायचे की रात्री एकदम?

सुक्या कचऱ्यात टाकायच्या आधी पिशव्या-डबे धुवावेत की नाही, त्या वादात मी पडत नाही. तुम्ही हे वाचताय म्हणजे धुवायचे हे ठरलेलंच आहे असं धरतो. उरतं ते एवढंच की कधी. आमच्या ओळखीत याचे दोन पंथ आहेत. एक हातासरशीवाले, पिशवी रिकामी झाली की तिथल्या तिथे विसळून टाकणार. दुसरे रात्रीवाले, दिवसभराचं सगळं सिंकखालच्या बादलीत टाकत राहणार आणि ओटा आवरताना एकदम निकाल लावणार. (रविवारवाले पण असतात, पण उन्हाळ्यात दह्याचा डबा रविवारपर्यंत कसा टिकतो ते त्यांनाच विचारा.) आम्ही पुण्यात राहतो, दोघंही नोकरीवाले, ड्राय बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस आडवा जाईल एवढीच, आणि दोन्ही पद्धती घरात बरेच दिवस चालवून बघितल्यात.

रात्रीच्या पद्धतीत दम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. सकाळी डब्यांची घाई, कुकरच्या शिट्ट्या, दाराशी इस्त्रीवाला, त्यात कोण पिशव्या धुत बसणार. रात्री निदान डोकं शांत असतं. पाणीही वाचतं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, भांडी विसळलेलं शेवटचं साबणाचं पाणी टबात धरलं की त्यातच डबे बुचकळून निघतात. आणि बाहेरून मागवलेल्या पनीर बटर मसाल्याचा डबा घ्या, तो लगेच घासायला गेलात तर नुसतं तेल हाताला लागतं, थोडा वेळ गरम पाणी आणि दोन थेंब लिक्विड घालून ठेवला तर आपोआप सुटतो.

हातासरशीवाल्यांचं बळ मात्र दुधाच्या पिशवीत आहे. आणि आपल्याकडे पॅकिंगचा कचरा म्हटला की रोजच्या रोज येणारी ती हीच. पातेल्यात दूध ओतलं, पिशवीत घोटभर गार पाणी घेतलं, हलवलं, तेच पाणी पातेल्यात गेलं, दुधाचा थेंब वाया नाही. आमची आजी हे करायची तेव्हा रिसायकलिंग हा शब्दही घरात नव्हता. पाणी गारच घ्या. गरम पाण्यानं दुधातलं प्रोटीन उलट प्लास्टिकला चिकटतं, मग साबण लागतो, मग साबण काढायला आणखी पाणी, आणि साधं काम वाढत जातं. मग पिशवीची वरची कड कात्रीनं पूर्ण उघडायची आणि ओट्यामागच्या टाइल्सवर थापटून लावून टाकायची. ओली पिशवी टाइलला चिकटून बसते आणि वाळली की आपोआप सुटून ओट्यावर पडते, क्लिप नको, दोरी नको. कोपरा मात्र कापून वेगळा करू नका. तो नखाएवढा तुकडा कुठल्याच वर्गीकरणात कोणाच्या हाताला लागत नाही, थेट ओल्या कचऱ्यात नाहीतर गटारात. अर्धवट कापून लोंबता ठेवला तरी दूध ओतता येतंच.

इथपर्यंत सामना बरोबरीत होता असं मी म्हणेन. पारडं फिरलं ते धुण्यामुळे नाही, वाळवण्यामुळे.

रात्री एकदम धुतलं की साडेदहा वाजता तुमच्या हातात एक ओला ढीग असतो. दुधाच्या पिशव्या, दह्याचा डबा, पार्सलचे दोन कंटेनर, त्यांची झाकणं, एखादं ताकाचं टेट्रापॅक. ऊन नाही, वारा नाही, ओट्यावर पालथं घालावं तर झुरळांना रात्रभराचं आमंत्रण, बाल्कनीत दोरीवर लावावं तर सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन वर येतात. म्हणून आम्ही ते चाळणीत उभं करून ठेवायचो. सकाळी वरून हात लावला तर कोरडं. पण पिशवीचे दोन पदर आतून एकमेकांना चिकटलेले असतात आणि मध्ये ओल तशीच राहते, बोट घातल्याशिवाय कळत नाही. ती पिशवी सुक्या कचऱ्याच्या गोणीत जाते, गोणी बंद, आणि मग तो वास. तो आंबलेल्या दुधाचाही नाही आणि कुबटही नाही, दोन्हीच्या मधला काहीतरी, नवीन लादी पुसायचं फडकं ओलंच कोपऱ्यात राहिलं की येतो तसा. पावसाळ्यात तर विचारू नका, पेपरच्या रद्दीला पण तो वास लागायचा. दार उघडलं की आधी वास यायचा, मग घर.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी एकदा सरळच सांगितलं, "दादा, धुतलं नाही तरी एक वेळ चालंल, पण वलं देऊ नका, खालचा कागद जातो." आणि त्यांचं गणित खरंच तसं आहे. पुण्यात २००८ पासून स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलते, त्यातला सुका माल त्या बायका हातानं वेगळा करून विकतात, ती त्यांची कमाई. ओला झालेला कागद म्हणजे उतरलेला भाव. प्लास्टिक पुढे कारखान्यात तुकडे करून धुतलं जातंच, त्यामुळे आपण पिशवी लखलखीत करायची गरज नाही, खरकटं नको आणि पाणी नको, बस. हे कळल्यापासून माझ्या लेखी प्रश्न कुठली पद्धत जास्त स्वच्छ धुते हा राहिलाच नाही, कुठल्या पद्धतीत वस्तू नीट वाळते हा झाला. हातासरशी एकेक वस्तू येते, एकेकीला टाइलवर जागा मिळते, आणि सकाळचा अख्खा दिवस वाळायला मिळतो. रात्रीच्या पद्धतीत हे जमवायचं तर घरात जागा लागते. आमच्याकडे नाही. तुमच्याकडे गच्ची असेल तर कदाचित तुमचा निकाल वेगळा लागेल.

बाकी काही वस्तूंना दोन्ही पंथ लागू नाहीत. तेलाची पिशवी पाण्याखाली धरूच नका, तेल पाइपात जाऊन चिकटून साचतं आणि सिंक तुंबतं. पिशवी उलटी करून किटलीवर निथळत ठेवा, मग कापून आतून मूठभर कणीक फिरवा, कणीक तेल पुसून घेते आणि तीच मळायला घ्या. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं धुण्यात वेळ घालवू नका, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, भंगारात त्याला गिऱ्हाईक नाही, चुरा झटकला की पुरे.

चिकन-मासळीच्या ट्रेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे कचऱ्यापेक्षा स्वयंपाकघराची काळजी मोठी आहे. कच्च्या चिकनचा ट्रे जोरात नळाखाली धरला की शिंतोडे उडतात, शेजारी कोथिंबीर निवडून ठेवलेली असते, आणि कॅम्पायलोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आम्ही तो ट्रे कागदानं टिपतो, नळ बारीक सोडून विसळतो, नंतर सिंकला साबण. आणि त्याला भांड्यांची घासणी लावायची नाही. घासणी दिवसभर ओली राहते, जंतूंना याहून बरं घर नाही. कंटाळा आला असेल तर खरं सांगतो, तो एक ट्रे न धुता गेला तरी चालेल, रिसायकलिंगपायी घर आजारी पाडण्यात अर्थ नाही.

पार्सलच्या तेलकट डब्यांसाठी मात्र मी रात्रीवाल्यांचं ऐकतो. डबा भिजवायचा, भांड्यांच्या शेवटी घासायचा, पण फडक्यानं पुसून कोरडा करूनच झोपायचं. हे काम मावशींच्या गळ्यात घालू नका एवढी विनंती, त्यांचं भांड्यांचं ठरलेलं असतं, त्यात तुमच्या बिर्याणीचे चार डबे धरलेले नसतात. घालायचेच असतील तर पगारात धरा.

तर माझं मत विचाराल तर दूध, दही, ताक हातासरशी, तेलकट डबे रात्री. दोन्हीपैकी एकच काहीतरी निवडायचं म्हणालात तर हातासरशी. सकाळी सातला घर सोडून रात्री आठला येणारे असाल आणि दूध ओतणारं माणूसच वेगळं असेल तर रात्रीचं घ्या, काही बिघडत नाही, फक्त बादलीत टाकताना पिशवीत घोटभर गार पाणी हलवून टाका आणि गोणीत घालायच्या आधी आत एकदा बोट फिरवून बघा.