बॅकअपच्या हार्ड डिस्कसाठी एक्सफॅट की एनटीएफएस: दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

पाचपाखाडीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेत १४८ सदनिका आहेत आणि सचिव या नात्याने संस्थेचे दप्तर सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या २३ वर्षांच्या मेंटेनन्सच्या पावत्या, सभांची इतिवृत्ते, इमारतीचे नकाशे आणि गरजेपुरते जपून ठेवलेले सीसीटीव्हीचे चित्रण यांच्या बॅकअपसाठी आम्ही गोखले रस्त्यावरील एका दुकानातून २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. “काका, ही विंडोजलाही चालेल आणि मॅकलाही, लावायची आणि वापरायची,” असे दुकानदाराने सांगितले होते आणि ते खरेच होते, कारण डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊनच आली होती. (फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली आणि त्यांच्या नोंदी मांडण्याची पद्धत; एक्सफॅट आणि एनटीएफएस या अशाच दोन पद्धती.) आज तीच डिस्क आम्ही एनटीएफएसमध्ये वापरतो. यंत्र तेच, केबल तीच, बदलला तो फक्त फॉरमॅट. त्यामुळे हा अभिप्राय कोणत्याही कंपनीच्या डिस्कबद्दल नसून या दोन फॉरमॅटबद्दल आहे.

एक्सफॅटचे गुण नाकारण्याचे कारण नाही. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही, आणि सीसीटीव्हीच्या एका रात्रीच्या चित्रणाची फाइल जुन्या पेन ड्राइव्हवर घेताना आम्हाला ही अडचण आली होती. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये प्रामुख्याने फ्लॅश मेमरीसाठी आणलेल्या एक्सफॅटमध्ये ही मर्यादा व्यवहारात उरत नाही. शिवाय विंडोज आणि मॅक दोन्हींवर ते वाचताही येते आणि लिहिताही येते.

पण बॅकअपची कसोटी वेगळी असते, आणि ती आम्ही जुलैतल्या एका संध्याकाळी अनुभवली. मुसळधार पावसात पावत्यांची नक्कल सुरू असताना वीज गेली, संगणक बंद पडला आणि त्याच्याच यूएसबीवर चालणाऱ्या डिस्कचा निळा दिवाही विझला. वीज आल्यावर पाहिले तर २०१४ च्या पावत्यांचा फोल्डर उघडेना. विंडोजच्या दुरुस्तीच्या सोयीने बरेच काही परत मिळाले, परंतु कित्येक फाइलींची नावे जाऊन त्यांच्या जागी नुसते अनुक्रमांक आले होते. कोणती पावती कोणत्या सदनिकेची, हे एकेक फाइल उघडून पाहण्यावाचून कळण्याचा मार्ग नव्हता. मूळ प्रती संगणकात शाबूत होत्या म्हणून निभावले. त्याच रात्री संगणकाची डिस्क गेली असती तर त्या वर्षाचा हिशेब लावताना फार हाल झाले असते.

हे का घडले, ते हिशेब ठेवणाऱ्या माणसाला चटकन समजेल. एनटीएफएस हे फॉरमॅट १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आले आणि त्याची पद्धत रोजकीर्दीसारखी आहे: फाइलींच्या नोंदींत कोणता बदल करायचा ते आधी कीर्दीत लिहायचे आणि मगच खतावणीत न्यायचे. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी कीर्द वाचून अर्धवट व्यवहार पूर्ण करता येतो किंवा रद्द करता येतो. एक्सफॅटमध्ये अशी कीर्द नसते. खतावणीतच थेट खाडाखोड होते. फॅट३२ निदान आपल्या मुख्य तक्त्याच्या दोन प्रती ठेवते, एक्सफॅट साधारणपणे एकच ठेवते. अर्थात, एनटीएफएसची कीर्द नोंदींचे रक्षण करते, फाइलीतल्या मजकुराचे नव्हे. या वर्षीच्या पावसाळ्यात पुन्हा नक्कल चालू असताना वीज गेली, तेव्हा जी फाइल त्या क्षणी लिहिली जात होती ती अर्धवटच राहिली. बाकीचे सगळे मात्र जागच्या जागी होते. मला बॅकअपकडून एवढीच हमी हवी होती.

दुसरा फरक जागेचा आहे. आमच्या पावत्या चाळीस हजारांवर आहेत आणि प्रत्येक स्कॅन साधारण २५ केबीचा आहे, म्हणजे एकूण ऐवज १ जीबीच्या आसपास. आमच्या डिस्कवर एक्सफॅटचा जागेचा सर्वांत लहान तुकडा १२८ केबीचा होता, त्यामुळे लहानातली लहान पावतीही तेवढी जागा अडवून बसे आणि त्या १ जीबीसाठी ५ जीबी खर्च होत. एनटीएफएसमध्ये तोच तुकडा ४ केबीचा असल्याने ही नासाडी जवळजवळ थांबली. केवळ चित्रणाच्या मोठ्या फाइली ठेवणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही.

एनटीएफएसची अडचण मॅकवर येते: मॅकला ही डिस्क वाचता येते, पण जादा सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. आमचे खजिनदार मॅक वापरतात. त्यांना जुने इतिवृत्त पाहता येते आणि चुकून काही पुसले जाण्याची भीती राहत नाही, म्हणून आमच्यापुरती ही अडचण सोयीचीच ठरली. ज्यांच्या घरी फक्त मॅक आहे, त्यांनी एनटीएफएसच्या वाटेला जाऊ नये. मॅकच्या २०२० मधील बिग सर या आवृत्तीपासून टाइम मशीन या मॅकच्याच बॅकअपच्या सोयीने एपीएफएस या अॅपलच्या फॉरमॅटमध्ये बॅकअप घेता येतो, तोच घ्यावा.

माझ्या घरच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स असल्यामुळे ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटचाही विचार केला होता. त्यातही कीर्द असते आणि ते भरवशाचे आहे, पण विंडोज ते आपणहून वाचत नाही. आणखी एक गोष्ट देवनागरीत नावे देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ईएक्सटी४ मध्ये फाइलीचे नाव २५५ बाइटांपर्यंतच असू शकते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. नुसत्या ‘श्री’ला १२ बाइट लागतात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ एवढ्यानेच त्यातली बरीच जागा जाते आणि पुढे तारीख, ठराव क्रमांक व विषय घालायचा असतो. एनटीएफएसमध्ये मोजणी बाइटांची नसते, तिथे अशी २५५ चिन्हे बसतात.

फॉरमॅट बदलताना डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी दुसरीकडे नक्कल करून ती उघडून पाहावी. आम्ही ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून टाकली, त्याला पाच-सहा तास लागले, पण सबंध डिस्क तपासली गेली. लेखापरीक्षकांना कागद देण्यासाठी एक्सफॅटचा वेगळा पेन ड्राइव्ह ठेवला आहे, आणि डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून ‘एनटीएफएस, फक्त बॅकअप’ असे लिहिले आहे, जेणेकरून पुढचा सचिव ती कुणाला फाइली न्यायला देणार नाही.